बांधाच्या आतली माशी

काशिराम घरत यांनी आमच्या पनवेलच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एकोणीस वर्षं परिचर म्हणून नोकरी केली आणि तेवढ्या काळात एका बाटलीतला जीव दुसऱ्या बाटलीत गेला असं एकदाही झालं नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढे मी त्यांच्यावर नेमका हाच आरोप केला, आणि त्यातून जे झालं ते सांगायलाच ही वही उघडली आहे.

माणूस किडकिडीत, खाकी शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. शिक्षण सातवी. अंगाला फॉर्मालिनचा वास कायमचा मुरलेला, त्यामुळे पोरं त्यांना 'फॉर्मालिनमामा' म्हणायची आणि तेही त्या हाकेला ओ द्यायचे. बाटल्यांची झाकणं मेणानं बंद करायची, दर शनिवारी स्पिरिट भरायचं, चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहायची, कारण स्पिरिटमध्ये शाई विरघळते. हे सगळं कुणी न सांगता चालायचं. आमच्या स्टाफरूममध्ये एक पैज लागलेली होती. काशिरामच्या कपाटात एक चूक शोधून दाखवा, महिनाभर चहा फुकट. तो चहा कुणाला मिळाला नाही.

मी पुण्याहून आलेली, चौतिशीची, जिभेला हाड नसलेली. नाव सुमती. पीएच.डी. पाच वर्षं रखडलेली, आणि विषय असा की आईनं नातेवाइकांना सांगायचं सोडून दिलं होतं. माशा. घरातल्या नव्हेत, खाडीकाठच्या चिखलावर बसणाऱ्या, अंगापेक्षा पाय अवाच्या सवा लांब असलेल्या, हिरव्यागार आणि चकचकीत. आकार तांदळाच्या कणीएवढा. या माशा डासांच्या अळ्या मारून खातात, पण त्यांच्यासाठी कुणी मला नोकरीत बढती देणार नव्हतं.

वर्गीकरणात एकमेकींच्या जवळच्या जाती एकत्र करतात आणि त्या गटाला प्रजाती म्हणतात. साठेक वर्षांपूर्वी कुणा इंग्रज अधिकाऱ्यानं पनवेलच्या खाडीत चार माशा धरल्या होत्या आणि तेवढ्यावरून या लांब पायांच्या माशांची एक नवी प्रजाती मांडली गेली होती. युरोपातल्या एका संग्रहालयातल्या म्हाताऱ्या तज्ज्ञानं ती मोडीत काढली. म्हणे चार माशांवर प्रजाती उभी राहत नाही. माझं म्हणणं होतं की राहते, आणि तिच्यात एक नाही, दोन जाती आहेत. दोन्हींच्या माद्या हुबेहूब सारख्या. फरक फक्त नरात. एकीच्या नराच्या पुढच्या पायाला काळ्या केसांचा झुपका, दुसरीच्या नराच्या मधल्या पायाला पांढरा चपटा पत्रा. काळी आणि पांढरी, असं आम्ही म्हणायचो.

मला हे दाखवलं काशिरामांनी. त्यांचं गाव गव्हाणच्या पलीकडचा एक छोटा पाडा. पाड्याची भातशेती खाडीच्या पातळीपेक्षा खाली, आणि खाडी व शेत यांच्यामध्ये मातीचा लांबलचक खारबांध. बांधात एके ठिकाणी लाकडी दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद करायचं. त्या उघाडीची राखण काशिरामांचे मेहुणे बळीराम करायचे, आणि बांधाच्या आतल्या अंगाला, दारापासून हाकेच्या अंतरावर, बळीराम आणि काशिरामांची धाकटी बहीण गोदू राहायची. घर कसलं, दोन खोल्या आणि एक पडवी.

"बाई, काली हाय ना, ती बांधाच्या बाहेर बसते. खाऱ्या चिखलाव," काशिराम मला म्हणाले. "पांडरी आत. शेताच्या कडंला. मदी बांध हाय वीस पावलांचा. तो बांध ती वलांडत नाय."

हे ऐकून मी अक्षरशः उडी मारली. दोन जाती, दोन पाण्यांच्या. एक खाऱ्या पाण्याची, एक गोड्या. मी लगेच तज्ज्ञाला लिहिलं. त्याचं उलट टपाली उत्तर आलं: छान, पण काळी आणि पांढरी ही एकाच जातीच्या लहान-मोठ्या नरांची रूपं नसतील कशावरून? दोन पावसाळे मोजा. एकदाही सरमिसळ झाली नाही तर मी मान्य करीन.

मग सत्याऐंशी साली काशिरामांनी जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वीस ताटल्या आणल्या आणि त्या पिवळ्या रंगानं रंगवल्या. पिवळ्या रंगावर या माशा झेपावतात. दर रविवारी सकाळी ताटल्यांत साबणाचं पाणी घालून दहा बांधाच्या बाहेर मांडायच्या, दहा आत. दुपारी चहाच्या गाळणीनं गाळून जे काही पडलं असेल ते सगळंच्या सगळं ताटलीगणिक वेगळ्या ट्यूबमध्ये, वर स्पिरिट, आत पेन्सिलीची चिठ्ठी: तारीख, आणि 'आत' किंवा 'बाहेर'. सोमवारी ट्यूबा माझ्या टेबलावर. मी सूक्ष्मदर्शकाखाली (काशिराम त्याला दुर्बीण म्हणायचे) नर वेगळे काढायची, पाय बघायची, वहीत आकडा मांडायची. दोन वर्षांत सहाशेच्या वर नर झाले. बाहेर सगळे काळे. आत सगळे पांढरे. एकदाही चूक नाही.

मी त्या पाड्यावर गेले ती एकदाच, अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात, एस.टी.नं. गोदूनं पडवीत चटई टाकली, काळा चहा दिला आणि भावाची खोडी काढली.

"बाय, तुमी आमच्या दादाला येड लावलाव. लोक मासं धरतान, ह्यो माश्या धरतो."

मग तीच मला बांधावर घेऊन गेली आणि चिखलाशी उकिडवी बसून नराचा नाच दाखवला. तो मादीसमोर उभा राहतो आणि काळा झुपका असलेले पाय वर करून हलवतो. "बगा, पोलीस आल्यासारका हात वर करतो," ती म्हणाली. ती हसली की डोळे पार मिटायचे. मला ती फार आवडली होती.

परत येताना तिनं बांधाकडे बोट दाखवलं. पूर्वी दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस यायचा, चिखल थापायचा, खेकड्यांची बिळं बुजवायचा. आता शेजारच्या जमिनी सरकारनं घेतल्या, हातात चेक आले, पोरं बंदरावर आणि कंपनीत लागली. तीन उन्हाळे बांधाला हात लागला नव्हता. "बांदाला काय झाला तर आमालाच पयला कलेल," ती म्हणाली, "आमी त्याच्या पायाशी राहातो ना." मी मान हलवली आणि घड्याळ पाहिलं, पाचची गाडी चुकायला नको होती.

एकोणनव्वदच्या जुलैत, आषाढातल्या एका सोमवारी, 'आत' लिहिलेल्या ट्यूबमधून तीन काळे नर निघाले.

मी काशिरामांना हाक मारली. ते हात पुसत आले. मी म्हटलं, हे काय? त्यांनी सूक्ष्मदर्शकात वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "आतलीच ट्यूब हाय. उघाडीकडच्या कोपऱ्यातली ताटली." मी म्हटलं, गाळताना ताटली बदलली असेल, होतं कधी कधी. त्यांनी ट्यूबला बूच लावलं. माझ्या मनात पुसटशी शंका आली होती ती मी तिथेच दाबली, कारण प्रबंध सप्टेंबरात द्यायचा होता.

ऑगस्टमध्ये अकरा काळे निघाले, त्याच कोपऱ्यातून. त्या सोमवारी काशिराम ट्यूबा ठेवून गेले नाहीत, टेबलापाशी उभे राहिले.

"बाई, एक इचारू? काली माशी आत आली म्हंजे खारा पानी आत आला आसंल का?"

"पाणी आत आलं असतं तर तुमच्या बळीरामांना दिसलं नसतं?"

"शेतात गुडगाभर पावसाचा पानी हाय. त्याच्यात दिसत नाय, चवबी लागत नाय. पन गोदू म्हनते, त्या कोपऱ्यातला भात शेंड्याला पिवला पडलाय. आनि बेडूक बोलत नाय तितं. बाकी शेतात कान फुटतान, त्या कोपऱ्यात गप." ते थांबले. "ती म्हनते, दादा, तुज्या माश्या काय सांगतान ते इचारून ये. खारा पानी झिरपत आसंल तर ती गावात जाऊन बसनार. मान्सं गोला केली तर दोन ओहोटींत बांद थापून व्हतो. बापाच्या वेलेला केला व्हता."

 प्राणिशास्त्र शिकवणारी बाई मी. खाऱ्या पाण्यात बेडूक टिकत नाही हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगत होते. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त सहाशे नरांचा स्वच्छ आकडा होता आणि त्याच्यावर पडलेला अकराचा डाग. माझं डोकं फिरलं.

"काशिराम, माशा काही सांगत नाहीत. तुम्ही ट्यूबा बदलल्यात. वय झालं, डोळे तपासून घ्या. दोन वर्षांत एक काळी आत आली नाही, आणि आता प्रबंध द्यायच्या वेळी बऱ्या येतायत!"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. एकोणीस वर्षं न चुकलेला माणूस स्वतःच्या हातांकडे बघायला लागला. मग म्हणाले, "झाला आसंल बाई. तुमी म्हनताव म्हंजे झाला आसंल."

"चिठ्ठ्या खोडा आणि नीट लिहा."

त्यांनी खिशातून खोडरबर काढलं. चिमट्यानं ट्यूबमधून चिठ्ठ्या काढल्या, टिपकागदावर वाळवल्या, एकेक 'आत' खोडून 'बाहेर' लिहिलं. शुद्ध, गोल अक्षर. मी वहीत आकडे दुरुस्त केले आणि मला हायसं वाटलं.

पुढच्या रविवारी त्या कोपऱ्यातून सतरा काळे आले. त्याच्या पुढच्या रविवारी एक्केचाळीस, आणि पांढरा एकही नाही. आता काशिराम मला दाखवायच्या आधीच चिठ्ठी खोडून आणत होते. कागदावर जुन्या अक्षराची पुसट खूण दिसायची. एकदा मी जाता जाता विचारलं, गोदू कशी आहे, तर म्हणाले, "बरी हाय. इचारते सारकी. मी सांगितला तिला, बांदाला काय नाय झाला, माजाच घोटाला झाला." मी म्हटलं, बरं केलंत. हे शब्द मी म्हटले आहेत.

गणपती झाले. मी सगळ्या ट्यूबांतला माल निम्मा निम्मा केला. एक वाटा चिठ्ठ्यांच्या नकला घालून कपाटात ठेवला, दुसरा, मूळ चिठ्ठ्यांसकट, टिनच्या डब्यात सील करून तज्ज्ञाकडे हवाई टपालानं पाठवला. पोस्टात पावती घेतली तेव्हा पावसाची झड थांबली होती, पण हवा गच्च होती आणि पिकाला उशिराचं ऊन लागत होतं. काशिराम माझ्याबरोबर आले होते. रस्त्यात म्हणाले, सर्वपित्रीला उधाण मोठं आहे, दुपारी साडेबाराला भरती. मी म्हटलं, दरवर्षीच असतं. ते हो म्हणाले.

सर्वपित्री अमावस्येला कॉलेज चालू होतं. काशिरामांनी सुट्टी मागितली नव्हती. मेलेल्या वडिलांचं पान गोदू बांधाशेजारच्या तिच्या घरी वाढणार होती, तेवढं पुरे म्हणाले. अकराच्या प्रॅक्टिकलला त्यांनी बेडकांचे ट्रे मांडले. दीडच्या सुमाराला ऑफिसातून शिपाई धावत आला. गव्हाणच्या बाजूनं कुणीतरी फोन केला होता. बांधाला खांड गेली.

खांड गेली म्हणजे बांध फुटला. उघाडीकडच्या कोपऱ्यात आधी पायाखालची माती धसली, मग एका क्षणात अख्खी खाडी आत. बळीराम नारळ आणायला गव्हाणच्या दुकानात गेले होते म्हणून वाचले. गोदू पानावरचा घास घेऊन कावळ्यासाठी बांधावर चढली होती. तिला चढताना लोकांनी पाहिलं. उतरताना कुणी पाहिलं नाही.

ती तिसऱ्या दिवशी तिवरांच्या झाडीत सापडली. मी गेले होते. शेत नव्हतं, खाडीच होती सगळी, आणि मधून मधून भाताची कणसं वर आलेली. काशिराम गुडघाभर चिखलात उभे होते. मला पाहून म्हणाले, "बाई, तुमी कशाला आलाव एवड्या लांब."  लोक म्हणत होते, अचानक झालं, कुणाला पत्ता नव्हता. काशिरामही तसंच म्हणत होते, आणि मी ते ऐकून घेत होते. परतीच्या एस.टी.त पहिल्यांदा मला नीट कळलं की मी कशाला घाबरले आहे. तरीही लॅबमध्ये आल्यावर मी कपाट उघडलं नाही. रोज त्याच्यासमोरून जायची आणि उघडायची नाही.

तेरा दिवसांनी काशिराम कामावर आले. त्यानंतर आठवड्यानं पत्र आलं.

पहिल्या परिच्छेदात तज्ज्ञानं माझं अभिनंदन केलं होतं. दोन जाती त्याला पूर्ण मान्य होत्या. त्यानं मोडलेली प्रजाती तो स्वतःच्या सहीनं पुन्हा उभी करणार होता, आणि पुढच्या वर्षी त्यानं ती केलीही. माझी पीएच.डी. त्या पत्रावर झाली.

दुसरा परिच्छेद चार ओळींचा. जुलै ते सप्टेंबरच्या काही ट्यूबांतल्या चिठ्ठ्या खोडून 'बाहेर' केलेल्या दिसतात. परंतु त्या ट्यूबांत काळ्या नरांबरोबर भातावरचे हिरवे तुडतुडेही आहेत, भरपूर. तुडतुडे खाडीच्या चिखलावर पडत नाहीत. माझ्या मते मूळची चिठ्ठीच बरोबर होती. त्या शेतात या पावसाळ्यात समुद्र शिरला आहे काय?

मी कपाट उघडलं. माझ्या वाट्याच्या ट्यूबा काढल्या, एकेक बशीत ओतली. सूक्ष्मदर्शकाचीही गरज नव्हती, साध्या भिंगातून दिसत होतं. प्रत्येक ट्यूबमध्ये तुडतुडे होते. आषाढातल्या पहिल्या ट्यूबमध्येसुद्धा, बारा होते, मी मोजले. मी नर उचलून पाय बघितले होते. बाकीच्या गाळाकडे पाहिलंच नव्हतं. आणि ऑगस्टपासून तर नरसुद्धा नुसते मोजत होते.

मला वाटलं, गप्प बसावं. खरंच वाटलं. कुणाला कळणार होतं? पत्र इंग्रजीत होतं. मग पलीकडच्या खोलीतून काशिराम बाटल्या पुसत असल्याचा आवाज आला आणि मी त्यांना हाक मारली.

ते आले, उभे राहिले. मी म्हटलं, बसा. ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते, तरी बसले.

"काशिराम, तुमची चूक झाली नव्हती. ट्यूबा बरोबर होत्या. सगळ्या." मी बशी त्यांच्यापुढे सरकवली. "हे बघा. तुडतुडे."

त्यांनी भिंग घेतलं. शेतकऱ्याच्या घरचा माणूस, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हंजे पानी आत व्हता."

"हो."

"आषाडापासून."

"हो."

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. मग बोटं मोजल्यासारखी हलवली. "गोदूनं मला चार वेला इचारला," ते म्हणाले. "शेवटच्या वेलेला गौरी उटल्या त्या दिवशी. म्हनाली, दादा, मी गावात जाऊ का? मी म्हनलो, कशाला लोकांना तरास, बाईंनी सांगितलाय, माजी चूक हाय."

मी म्हटलं, "माफ करा मला." ते शब्द त्या खोलीत अगदी फालतू वाटले. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचीही लाज वाटत होती.

ते उठले. बशीतला माल गाळणीत ओतला, ट्यूबमध्ये भरला, वर स्पिरिट घातलं. सवयीनं. चिठ्ठी आत टाकताना थांबले आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ बघून विचारलं.

"बाई, तवा तुमी ट्यूब बगितली नव्हती?"

"नीट नव्हती बघितली."

"मी समजलो, तुमी दुर्बिनीतून बगून सांगताव," काशिराम म्हणाले आणि बूच लावून त्यांनी ट्यूब माझ्यापुढे ठेवली.